व्हेरी गुडचा शिक्का

बावीस वर्षं मी ढोलकी वाजवून इंग्रजी शिकवलं. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी हे खरं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून जेवणाच्या रांगेकडे वळतो. माझे दीर तर अजून पाहुण्यांना सांगतात, "वहिनी शाळेत गाण्याच्या बाई होत्या." बाई होते हे खरं. गाणं मला जेमतेम येतं. माझा धंदा शब्द पोचवण्याचा होता, ढोलकी ही नुसती हातगाडी.

माहेर मिरजेचं, त्यामुळे वाद्यांचं अप्रूप नव्हतं. वडील भजनात ढोलकी धरायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून मी शिकले. लग्न होऊन बेलापूरला आले. नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत, तीन पाळ्यांमध्ये विभागलेला. घरात एकटीनं बसून किती वाजवणार? सोसायटीतून तक्रार आली, म्हणून मी नोकरी शोधली. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बालवाडीसाठी मुलाखत होती. शाळेचं नाव सांगत नाही, पेन्शन नसली तरी भीती आहे. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, काही वाजवता येतं का. मी म्हटलं, ढोलकी. त्यांनी कागदावर काहीतरी लांबलचक लिहिलं आणि मी 'रिदम अँड व्होकॅब्युलरी फॅसिलिटेटर' झाले. ओळखपत्रावर हुद्दा मावेना, म्हणून माझं आडनाव गाळलं.

आता हा धंदा चालतो कसा ते सांगते, कारण लोकांना वाटतं बाई वाजवतात आणि मुलं नाचतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'हे काय आहे, सांग' असं विचारलं की ते पोलिसाने हटकल्यासारखं बघतं. म्हणून विचारायचं नाही. केरव्याचा ठेका धरायचा, ओळ म्हणायची आणि शेवटची जागा रिकामी सोडायची. 'इन माय बास्केट, रेड अँड राउंड, देअर इज अ...' आणि हात ढोलकीच्या वर तसाच थांबवायचा. त्या रिकाम्या जागेत तीस मुलं एकदम उडी घेतात. टोमॅटो. ज्याला येत नाही तेही शेजारच्याचं ऐकून अर्धी मात्रा उशिरा का होईना घेतंच. दुसऱ्या दिवशी ते उशिरा येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी शब्दात एक अक्षर घरमालक असतं आणि बाकीचे भाडेकरू. आपली मुलं सगळ्यांना समान हक्क देतात. ब-ना-ना, सरकारी वाटप. मग मधल्या 'ना'वर मी ढोलकीची 'धा' द्यायची, बाकी दोन्हीकडे नुसतं बोट. दोन दिवसांत मुलं बनाना असं म्हणायला लागतात की त्यांच्या आयांना वाटतं पोरगं लंडनला जाऊन आलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आधी हात शिकतो, मग तोंड. मुलाची टाळी बरोबर पडली की शब्द आत पोचला असं समजायचं. तो बाहेर यायला आठवडा लागेल, महिना लागेल. घाई करायची नाही. हे मी दर जूनमध्ये नव्या टीचर्सना सांगायचे आणि जुलैत स्वतःच विसरायचे.

तास संपला की प्रत्येकाच्या हातावर एक शिक्का. गोल, जांभळा, आत चांदणी आणि भोवती 'व्हेरी गुड'. हा शिक्का मी वाशीच्या दुकानातून माझ्या पैशाने आणलेला होता आणि तो कायम माझ्या पर्समध्ये असायचा. तो पुसू नये म्हणून मुलं हात धूत नसत, जेवताना सुद्धा.

पालकांबद्दल बोलायचं तर जागा पुरणार नाही. एका आईला लेकीच्या तोंडी ब्रिटिश उच्चार हवे होते, स्वतः मात्र त्या वडापाव तोंडात ठेवून माझ्याशी बोलत होत्या. पण माझं खास गिऱ्हाईक म्हणजे पेडणेकर. ते न्हावा शेव्याच्या बंदरावर कंटेनरची कागदपत्रं सोडवायचे, कस्टम्सचे एजंट. जगातली प्रत्येक वस्तू एकतर अडकलेली असते किंवा सुटलेली असते, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. दर मीटिंगला पहिला प्रश्न, "मिस, या महिन्यात आमच्या आर्यनचे किती शब्द क्लिअर झाले?"

"चाळीस," मी म्हणायचे.

"मग घरी एकच बोलतो. नो."

"बाकीचे वाटेत आहेत, पेडणेकर."

ते गंभीरपणे वहीत लिहून घ्यायचे. थट्टा केलेली ज्याला कळत नाही अशा माणसाची थट्टा करण्यात फार दिवस मजा राहत नाही, म्हणून मी ती सोडली. पुढे ते पालक समितीवर निवडून आले, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी मॅडम कुठलंसं शिबिर करून आल्या आणि येताना एक शब्द घेऊन आल्या. मातृभाषेचा हस्तक्षेप. म्हणजे आपण इथे इंग्रजी शब्द घालतो आणि घरी आई मध्ये हात घालून तो काढून घेते. उपाय सोपा होता. घरी फक्त इंग्रजी. सर्व पालकांना परिपत्रक. मॅडम म्हणाल्या, आपले काही पालक गावठाणातले आहेत, कोळीवाड्यातले आहेत, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, तर याचं सोप्या मराठीत कोण लिहील?

मी हात वर केला. मुलांना सवय लावता लावता मलाच लागली होती.

लिहिलंही झकास. "पालकांनी पाल्याशी घरी मराठीत बोलू नये. फक्त इंग्रजीतच बोलावे. अन्यथा पाल्याचे नुकसान होईल." मॅडमनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, व्हेरी क्लिअर. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी इंग्रजीत बोलावं, असं आम्ही त्यांना मराठीत कळवत होतो, आणि त्या खोलीतल्या नऊ शिकलेल्या बायकांपैकी एकीलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मी धरून नऊ. परिपत्रकावर शाळेचा गोल शिक्का बसला आणि ते प्रत्येक डायरीत चिकटवलं गेलं.

सीनियर केजीत जुई नावाची मुलगी होती. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे, दोन-दोन दिवस घरी नसत. आई दर्शना गावच्या मार्केटात मासळी विकायची. जूनमध्ये जुई म्हणजे माझ्या वर्गातलं रेडिओ स्टेशन होतं. तिची टाळी इतकी पक्की की मी चुकले तरी ती चुकत नसे, उलट माझ्याकडे रागाने बघायची. रिकामी जागा सोडली की सगळ्यांच्या आधी उत्तर तिचं. चुकीचं असलं तरी आधी. एकदा 'रेड अँड राउंड'ला तिने "भाकर" म्हणून ठणकावलं होतं, कारण तिच्या आईने आदल्या दिवशी करपवली होती.

गणपतीनंतर तिचा आवाज बारीक झाला. नवरात्रापर्यंत बंद. टाळी तशीच पक्की, पण तोंड मिटलेलं. इंग्रजी नाही, मराठी नाही, काहीच नाही. शेजारच्या मुलाने डबा पाडला तरी ही गप्प. मी काय केलं? मी तिच्या प्रगतिपत्रकात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तोंडी सहभाग नाही, पालकांनी लक्ष द्यावे'.

पालक सभेला दर्शना आली. निळी साडी, अंबाड्यात अबोलीची वेणी, खुर्चीच्या कडेवर बसलेली. मी जे बोलले त्याला तिचं एकच उत्तर, "येस मिस." मी म्हटलं, जुई बोलत नाही. "येस मिस." मी म्हटलं, घरी इंग्रजीचा सराव ठेवा. "येस मिस." ती गेल्यावर मी शेजारच्या टीचरला कौतुकाने सांगितलं, बघा, परिपत्रकाचा परिणाम, आईसुद्धा इंग्रजी बोलायला लागली. माझ्या आयुष्यात मी मूर्खपणाची बरीच वाक्यं बोलले आहे, पण पहिला नंबर याचा.

डिसेंबरात मॅडमनी मला बोलावलं. जानेवारीत चाचणी, पन्नास चित्रं, पन्नास शब्द. पंचवीस आले तर पहिलीत, नाहीतर दाखला हातात. "त्या फिशरवूमनच्या मुलीचं काही होईल असं वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "शी नीड्स अ स्पेशल स्कूल." त्यांनी डॉक्टरचं नावसुद्धा काढून ठेवलं होतं.

त्याच रविवारी मी दिवाळ्याच्या मार्केटात गेले. शाळेसाठी नाही, घरी पाहुणे होते आणि मला पापलेट हवं होतं. लांबूनच एक आवाज ऐकू आला, खणखणीत, तालात. एका गिऱ्हाइकाला हाक, दुसऱ्याला टोमणा, तिसऱ्याला शपथ, मध्ये श्वास कुठे घेते कळेना. बघते तर दर्शना. तिच्या मागे उलट्या क्रेटवर जुई बसलेली. आईने गिऱ्हाईक सोडलं, लेकीकडे वळली आणि हाताने खूण केली, खा. जुईने चपातीचा तुकडा तोडला. आईने खूण केली, पाणी पी. जुई प्यायली. आई परत गिऱ्हाइकाकडे वळली आणि परत तो खणखणीत आवाज सुरू झाला. मी दहा मिनिटं तशीच उभी राहिले. लेकीशी एक शब्द नाही.

मी पुढे झाले. "दर्शना, तिच्याशी बोलत का नाहीस गं?"

ती कोयता बाजूला ठेवून उभी राहिली. "तुमीच सांगलाव ना बाई. घरान मराठी बोलाचं नाय. कागद दिलाव, शिक्का हाय त्याच्यावर. मना इंग्लिश येत नाय. मंग गप रायले."

"म्हणजे कधीपासून?"

"जुलैपासना. पयलं लय जड गेलं. आता सवय झाली दोघींना." मग हळूच म्हणाली, "पोरीचं नुकसान होल, असं लिवलं होतं ना."

तिने घरात मोबाईलवर इंग्रजी कार्टून लावून ठेवलं होतं. पोरीचे केस विंचरताना, भरवताना, झोपवताना कार्टून बोलायचं आणि आई गप्प. नवरा घरी असला की 'गुड मॉर्निंग' आणि 'गुड नाईट' एवढं म्हणून मोकळा. नऊ बायकांच्या त्या मीटिंगमधला प्रत्येक शब्द या बाईने इमानदारीने पाळला होता. पूर्ण शाळेत परिपत्रक पाळणारी बहुधा ती एकटीच. मला तिथे मासळीच्या पाण्यात उभं राहून रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मी म्हटलं, "ते चुकीचं होतं. मीच लिहिलं होतं, माझी चूक. आजपासून बोल तिच्याशी. खूप बोल. तुझ्या भाषेत बोल."

दर्शनाने मान हलवली. नाही म्हणून.

"तुमी तोंडानं सांगताव बाई. ते कागदावर होतं. उद्या मॅडम बोलल्या, का बोललीस, तं मी काय दाखवू? लिवून द्या. शिक्क्यासकट द्या."

आता शाळेचा शिक्का मॅडमच्या कपाटात, कपाटाची किल्ली मॅडमच्या गळ्यात. सोमवारी मी शाळेच्या लेटरहेडचा एक कागद उचलला, म्हणजे चोरलाच, आणि मधल्या सुट्टीत वाद्यांच्या खोलीत बसून लिहिलं. "जुईच्या आईने जुईशी घरी आपल्या भाषेत भरपूर बोलावे. गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात, भांडावेसुद्धा. यामुळे पाल्याचे कोणतेही नुकसान होणार नाही." खाली सही, पूर्ण आडनावासकट. आणि शिक्का? पर्समधून काढला तोच. गोल, जांभळा, चांदणीचा.

शाळा सुटल्यावर फाटकाशी दर्शनाने कागद उलटसुलट केला. "ह्यो शिक्का वेगला हाय."

"हा माझा आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग चांदणीकडे. "मंग चालंल," म्हणाली, आणि कागदाची घडी ब्लाउजमध्ये ठेवली.

लगेच काही चमत्कार झाला नाही, हे आधीच सांगते. जुई पंधरा दिवस तशीच गप्प. मी तासाला रिकामी जागा सोडायचे आणि तिच्या तोंडाकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करायचे. मग एक दिवस तिच्या शेजारचा आर्यन, पेडणेकरांचाच, तिच्या चटईवर पसरला, आणि अख्ख्या वर्गात आवाज गेला, "तिकरं सरक ना रं, मेल्या." मी ढोलकी थांबवली. आर्यन सरकला. नेमक्या त्याच वेळी मॅडम दारातून जात होत्या. त्यांनी वर्गात प्रादेशिक भाषा वापरल्याबद्दल जुईला वर्गाबाहेर उभं केलं, आणि दुसऱ्या दिवशी दर्शनाला बोलावलं.

दर्शना आली ती कागद घेऊनच आली. मॅडम तीन वाक्यं बोलून व्हायच्या आत तिने तो टेबलावर ठेवला. "हे बगा. लिवून दिलंय."

मॅडमनी वाचलं. मग चांदणी बघितली. मग मला बोलावलं. त्या खोलीत काय झालं ते सगळं सांगत नाही, फक्त मेमो मिळाला एवढं सांगते. त्यात 'शाळेच्या प्रतिष्ठेशी खेळ' असे शब्द होते आणि एक स्पेलिंग चुकलं होतं. मी ते दुरुस्त करून सही केली.

चाचणीच्या दिवशी खोलीत मॅडम, मी, आणि पालक समितीतर्फे पेडणेकर. चित्रांचा गठ्ठा टेबलावर. मी विनंती केली की ढोलकी घेऊ द्या. मॅडम नाही म्हणणार होत्या, पण पेडणेकर म्हणाले, घेऊ द्या, तपासणी पूर्ण व्हायला पाहिजे. सफरचंद, कुत्रा, छत्री. जुई हळूहळू म्हणत गेली, ठेका धरून, माझ्याकडे बघत. मध्ये अडकली, परत लागली. चोवीस झाले. मग एकापाठोपाठ चित्रं गेली आणि काहीच येईना. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. शेवटचं चित्र आलं. मी ठेका बदलला. 'इन द बास्केट, वेट अँड कोल्ड, देअर इज अ...' आणि हात वर धरला.

जुईने चित्राकडे बघितलं. मासा. तोंड उघडलं, आणि बाहेर जे आलं ते असं, "हलवा, बोंबील, मांदेली, सुरमई, कोलंबी, शिंगाला..." प्रत्येकाला टाळी, प्रत्येक टाळी जागेवर. आईचाच खणखणीत आवाज, लहान साइजमध्ये. ती थांबेचना.

"इन इंग्लिश," मॅडम म्हणाल्या. जुईची टाळी तिथेच थांबली.

पेडणेकरांनी चष्मा काढला. "मॅडम, एक मिनिट. आमच्याकडे माल आला की आम्ही बघतो, डिक्लेअर केलेला माल आत आहे का. पेटीवर काय लिहिलंय ते नंतर." मग ते जुईकडे वळले. "बाळ, हे सगळे कोण?"

जुई त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू या माणसाला एवढंही कळू नये. "फिश," ती म्हणाली.

"पंचवीस," पेडणेकर म्हणाले. "क्लिअर करा."

ज्यांची मी एके काळी थट्टा केली त्या माणसाचे त्या दिवशी मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

जुई पहिलीत गेली. माझी ढोलकी पुढच्या वर्षी कपाटात गेली. वर्गात स्पीकर आला, त्यातून एक बाई अमेरिकेहून गायची. ती रिकामी जागा सोडत नसे, उत्तरही तीच द्यायची. मला 'ॲक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर' केलं, म्हणजे मी रंगखडूंचे डबे मोजायचे. परिपत्रक मात्र बंद झालं नाही. दर जुलैत निघायचं, फक्त आता इंग्रजीतच. मॅडमना वाटलं त्यामुळे शाळेची शान वाढली. मला एवढाच आनंद की ज्यांनी ते खरोखर पाळलं असतं त्यांना ते वाचता येत नव्हतं.

पण त्या पहिल्या वर्षी ते मराठीत गेलं होतं, माझ्या अक्षरात, चारशे डायऱ्यांमध्ये. दर्शनासारख्या अजून किती आया गप्प राहिल्या, कुणाच्या घरात काय झालं, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही. हिंमत झाली नाही. मुलांना किती शब्द दिले त्याच्या याद्या माझ्याकडे आहेत, दर महिन्याला आकडा मागणाऱ्या पेडणेकरांच्या कृपेने. किती काढून घेतले त्याची यादी कुठेच नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात दिवाळ्याला गेले होते. जुई आता आठवीत आहे, आईहून उंच. सुट्टीच्या दिवशी गाळ्यावर बसते आणि सीवूड्सच्या टॉवरांमधल्या बायकांशी इंग्रजीत, माझ्याशी मराठीत, आईशी कोळीत भांडते. तिन्ही एकाच दमात. मी सुरमई बघत होते, तेवढ्यात गाळ्याच्या खांबावर नजर गेली. लॅमिनेशन केलेला एक कागद, कडा पिवळ्या पडलेल्या. माझं अक्षर, माझं आडनाव, आणि खाली ती जांभळी चांदणी.

मी कसनुशी हसले. "दर्शना, आता काढ ते. पोरगी आठवीत गेली. आता कुणाला दाखवायचंय?"

दर्शनाने सुरमईचे तुकडे पिशवीत भरले, वर चार कोलंब्या टाकल्या.

"रावं दे बाई," ती म्हणाली. "उद्या कोनी परत गप बसाला सांगलं, तं मना दाखवाला कागद पायजे ना."